कोणी न मागवलेला माल: गुणवत्तेची शिस्त पर्यावरणाच्या कामी कशी येते आणि कुठे अपुरी पडते

फेब्रुवारी २०२४मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आपल्या तीसहून अधिक व्यवस्थापन-मानकांत एक छोटीशी भर घातली. गुणवत्तेचे सर्वांत प्रसिद्ध मानक, आयएसओ ९००१, हेही त्यांत होते. भर एका वाक्याची: हवामानबदल हा आपल्यासाठी महत्त्वाचा मुद्दा आहे की नाही, हे संस्थेने ठरवले पाहिजे. पुढच्या कलमात एक टीप: संस्थेशी संबंधित मंडळींच्या याबाबत काही अपेक्षा असू शकतात. झाले, एवढेच.

क्वालिटीचे काम पाहणाऱ्या अनेकांना मात्र हा घास घशाखाली उतरेना. त्यांचे काम ठरलेले असते. माल ड्रॉइंगप्रमाणे आहे का, रिजेक्शन किती, ग्राहकाची तक्रार मिटली का. आता मानक पाळले जाते का हे तपासणारा ऑडिटर हवामानबदलाबद्दल विचारणार म्हणजे खिळा सरळ आहे की वाकडा हे बघणाऱ्या माणसाला पावसाचा अंदाज विचारण्यासारखेच झाले.

प्रश्न दिसतो तितका उपरा नाही. पर्यावरण सांभाळून धंदा करण्याच्या आज ज्या पद्धती आहेत, त्यांचा सांगाडा जवळजवळ सगळा गुणवत्ता व्यवस्थापनाकडून आलेला आहे. काही बाबतींत तो आश्चर्य वाटावे इतका चपखल बसतो, आणि एका ठिकाणी अजिबात बसत नाही. ती न बसणारी जागा कुठली, हे कळले की कंपन्यांचे हिरवे दावे कसे वाचायचे तेही बरेचसे कळते.

गुणवत्ता म्हणजे भारीपणा नव्हे

रोजच्या बोलण्यात ‘क्वालिटी’ म्हणजे भारी वस्तू. कारखान्यात तसे नसते. तिथे गुणवत्ता म्हणजे ठरल्याप्रमाणे असणे. दहा मिलिमीटरचा बोल्ट दहाच मिलिमीटरचा, आजही आणि सहा महिन्यांनीही.

पूर्वी हे साधायचा मार्ग एकच होता: सगळा माल बनवा, शेवटी तपासा, वाईट तो बाजूला काढा. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी एक लहानसे टिपण लिहिले, आणि त्यात एक आकृती काढली. तिलाच पुढे कंट्रोल चार्ट म्हणू लागले. त्यामागची कल्पना सहीवरून समजेल. तुम्ही दहा वेळा सही केली तर दहाही सह्या किंचित वेगळ्या येतात. तो फरक हाताच्या सवयीतलाच, त्याचे कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. पण अकरावी सही भलतीच वाकडी आली, तर काहीतरी घडले आहे: पेन संपत आले, बोट दुखावले, कोणी धक्का दिला. शूहार्टांनी आकड्यांच्या मदतीने सांगितले की नेहमीची थरथर कोणती आणि खरा धक्का कोणता हे वेगळे करता येते. मग शेवटी माल चाळत बसण्याऐवजी काम चालू असतानाच दोषाचे मूळ पकडता येते.

१९५०मध्ये एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानमध्ये व्याख्याने दिली आणि हा विचार तिथल्या उद्योगांनी उचलला. त्यातूनच चार पावलांचे चक्र जगभर पोचले: आखा, करा, तपासा, सुधारा, आणि पुन्हा आखा. ऐकायला अगदी बाळबोध वाटते. ‘तपासा’ हे पाऊल मात्र बहुतेक ठिकाणी गाळले जाते, म्हणून ते मुद्दाम चक्रात बांधावे लागले.

याच काळात एक हिशेबही मांडला गेला. आर्मंड फीगेनबॉम यांनी १९५६मध्ये गुणवत्तेवरच्या खर्चाचे तीन गट केले: दोष होऊ नये म्हणून केलेला खर्च, तपासणीचा खर्च, आणि दोष झाल्यावर निस्तरण्याचा खर्च. तिसरा गट बहुधा सर्वांत मोठा निघतो आणि सर्वांत कमी दिसतो. पहिल्या गटात थोडे घाला, तिसऱ्यातले बरेच वाचते.

धूर हाही एक नगच

रंगकामाचे एक खाते डोळ्यांसमोर आणा. लोखंडी भाग टांगलेले, समोर हातात स्प्रे गन घेतलेला कारागीर, पुढे भाग सुकवायची भट्टी. जुन्या पद्धतीच्या हवेच्या फवाऱ्यात निम्म्याहून अधिक रंग भागावर बसतच नाही. तो हवेत उडतो, पडद्यावर चिकटतो, फिल्टरमध्ये गाळ होतो. रंगातला सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारा द्रव, वाफ होऊन बाहेर जातो आणि कारागिराच्या छातीतही जातो.

आता क्वालिटीवाल्याच्या नजरेने पाहा. इथे दोन प्रकारचा माल तयार होतो आहे. एक रंगवलेला भाग, तो ग्राहकाने मागवला होता. दुसरा गाळ आणि वाफ. तो कोणी मागवलेला नाही, पण त्यासाठीही रंग विकत आणला, हवा दाबली, मजुरी दिली. ग्राहकाला नको असलेला माल तयार झाला तर क्वालिटीच्या भाषेत त्याला दोष म्हणतात. मग प्रदूषण हाही दोषच.

सगळी गंमत या एका वाक्यात आहे. प्रदूषणाला दोष मानले की गुणवत्तेची सगळी पेटी उघडी होते. शेवटी चाळण्याऐवजी मुळाशी जा, हा नियम इथेही लागू. चिमणीवर फिल्टर बसवणे म्हणजे शेवटी माल चाळणेच. चांगली गन घेणे, कारागिराला अंतर आणि कोन शिकवणे, दाब योग्य ठेवणे म्हणजे मुळाशी जाणे. थ्रीएम या अमेरिकी कंपनीने १९७५मध्ये नेमका असाच कार्यक्रम सुरू केला होता. प्रदूषण रोखणे परवडते, असे त्याच्या नावातच होते. १९९५मध्ये मायकेल पोर्टर आणि क्लास व्हान डर लिंडे यांनी हीच तुलना अर्थशास्त्राच्या भाषेत मांडली: प्रदूषण हे बहुतेकदा साधनांच्या गैरवापराचे लक्षण असते, जसा दोष हे कच्च्या प्रक्रियेचे.

आणखी एक धागा आहे. एखादा भाग रंगात नापास झाला तर तो घासून पुन्हा रंगवतात. म्हणजे रंग दुप्पट, वाफ दुप्पट, भट्टीचे इंधन दुप्पट, शिवाय घासलेल्या रंगाची धूळ. रिवर्क कमी करणारा क्वालिटी इंजिनीअर नकळत पर्यावरणाचेही काम करत असतो, मात्र त्याच्या अहवालात तसे कुठे लिहिलेले नसते.

हिशेबाची वही काय लपवते

मग हे सगळे आधीच का होत नाही? कारण खर्च दिसत नाही.

समजा, शंभर लिटर रंग आणला. चाळीस लिटर भागांवर बसला, साठ उडाला. नेहमीच्या हिशेबात शंभर लिटरची किंमत ‘कच्चा माल’ या एका रकान्यात जाते आणि सगळी भागांवर वाटली जाते. कचऱ्याच्या नावावर फक्त गाळ उचलून नेणाऱ्याचे बिल येते. मालक म्हणतो, कचऱ्यावर आमचा खर्च अगदी किरकोळ.

खरा खर्च काढायचा तर त्या साठ लिटरची खरेदी, ते उडवायला लागलेली वीज आणि त्यात गेलेला कारागिराचा वेळ, हे सगळे गाळाच्या नावावर टाकावे लागेल. या पद्धतीला साहित्यप्रवाह-खर्चलेखा म्हणतात. नाव अवजड आहे, युक्ती सोपी: आत आलेल्या प्रत्येक किलोचा माग काढा आणि तो मालात गेला की कचऱ्यात, त्याप्रमाणे खर्च वाटा. २०११मध्ये आयएसओ १४०५१ हे मानक याचसाठी आले. शिंप्याच्या दुकानातले कातरण केराचे नसून विकत घेतलेल्या कापडाचे आहे, इतकीच ही गोष्ट. तरी ती एकदा कागदावर उतरली की कचऱ्याकडे बघायची मालकाची नजर पालटते. फीगेनबॉमांचा तिसरा गट इथे पुन्हा भेटतो.

तीच हत्यारे, नवे काम

कंट्रोल चार्ट टेलिफोनच्या यंत्रांसाठी जन्मला, पण त्याला टेलिफोनशी देणेघेणे नाही. दर नगामागे लागलेली वीज, दर शिफ्टला वापरलेले पाणी, रोजचा सॉल्व्हंट, काहीही त्यावर मांडा. वीज रोज थोडी वरखाली होणारच. त्यावरून शिफ्टच्या सुपरवायझरला रोज झापणे म्हणजे सहीतल्या नेहमीच्या थरथरीचा जाब विचारणे. पण एखाद्या रविवारी, काम बंद असताना कंप्रेसर चालूच राहिलेला दिसला, तर तो धक्का आहे. कुठेतरी दाबलेली हवा गळते आहे. ही गळती किरकोळ नसते. देखभाल नसलेल्या ठिकाणी कंप्रेसरच्या एकूण हवेचा २० ते ३० टक्के भाग अशा भोकांतून जाऊ शकतो. हवा दिसत नाही, वास येत नाही, जमीन ओली होत नाही. दिवसा यंत्रांच्या आवाजात तिची फुसफुस ऐकूही येत नाही.

डेमिंग आणखी एका गोष्टीबद्दल बजावत: उगाच ढवळाढवळ करू नका. सांडपाण्याच्या टाकीवरचा माणूस दर तासाला आकडा बघून रसायनाचा डोस वाढवत-घटवत राहिला, तर त्याच्या मेहनतीनेच पाणी अधिक अस्थिर होते. गाडीचे स्टिअरिंग प्रत्येक खड्ड्याला वळवणारा ड्रायव्हर आठवा. कधी हात लावायचा आणि कधी लावायचा नाही हे चार्ट सांगतो. पर्यावरणाच्या कामात हे शहाणपण अजून फार कमी ठिकाणी पोचले आहे, असे मला वाटते. तिथे आकडे जमा होतात ते अहवालापुरते.

“मग आयएसओ १४००१ वेगळे कशाला?”

पर्यावरण व्यवस्थापनाचे पहिले राष्ट्रीय मानक ब्रिटनने १९९२मध्ये आणले. ब्रिटनचेच गुणवत्तेचे मानक आयएसओ ९००१च्या मुळाशी होते, त्यामुळे घराणे एकच. १९९६मध्ये पर्यावरणासाठीचे आयएसओ १४००१ आले. २०१५मध्ये ९००१ आणि १४००१ दोन्ही नव्याने लिहिली गेली, तेव्हा त्यांच्या प्रकरणांचा क्रमही एकसारखा केला गेला. त्यामुळे एकच ऑडिट, एकच दस्तऐवज-पद्धत, एकच आढावा बैठक अशी मोट बांधता येते.

फरक नजरेचा आहे. ९००१ विचारते, ग्राहकाला काय हवे. १४००१ विचारते, तुमच्या कामातली कोणती गोष्ट हवा, पाणी, जमीन यांना स्पर्श करते. अशा प्रत्येक गोष्टीला ते ‘पर्यावरणीय पैलू’ म्हणते. रंगखात्यात सॉल्व्हंटची वाफ हा पैलू, आणि त्यामुळे बिघडणारी हवा हा परिणाम. पैलूंची यादी करा, मोठे कोणते ते ठरवा, कायदा पाळायची हमी द्या, उद्दिष्टे ठेवा, आणि पुढे तेच चार पावलांचे चक्र.

“म्हणजे कागदी घोडेच ना?”

आक्षेप रास्त आहे, आणि तो झटकून टाकू नये.

आयएसओ १४००१ धुराची किंवा सांडपाण्याची कोणतीही मर्यादा स्वतः घालत नाही. ती मर्यादा कायदा घालतो. मानक फक्त एवढे बघते की तुमच्याकडे पद्धत आहे, ती तुम्ही पाळता आणि सुधारत राहता. म्हणून एकच वस्तू बनवणारे दोन कारखाने, दोघांकडे सर्टिफिकेट, तरी एक दुसऱ्याच्या दुप्पट प्रदूषण करणारा, असे असू शकते. सर्टिफिकेट ही वजन कमी झाल्याची पावती नाही, रोज वजनकाट्यावर उभे राहत असल्याची पावती आहे. सर्टिफिकेट आयएसओ स्वतः देतही नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्यांची फी भरते तपासली जाणारी कंपनीच. आता कोण कोणाला नाराज करणार, हे सांगायला नको.

यापेक्षा खोल दुखणे मोजमापाचे. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने उघड केले की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असे सॉफ्टवेअर होते, जे चाचणी चालू असल्याचे ओळखायचे आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचे. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण अमेरिकी मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होते. चाचणीपुरता आकडा बरोबर येत होता आणि हवा बिघडतच होती. परीक्षेपुरते पाठांतर करणाऱ्या मुलाचे गुण बघून तो शिकला असे आपण समजतो, त्यातला हा प्रकार.

पण यावरून मोजमापच सोडून द्यावे असे होत नाही. कारण पद्धत प्रामाणिकपणे राबवली तर फरक पडतो. अँड्र्यू किंग आणि मायकेल लेनॉक्स यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या हजारो कारखान्यांची १९९१ ते १९९६ या वर्षांची आकडेवारी पाहिली. साठा कमी ठेवणारे आणि गुणवत्तेचे मानक स्वीकारलेले कारखाने तुलनेने कमी कचरा आणि प्रदूषण करत होते.

न बसणारी जागा: तक्रार करणारा कोण?

आता मूळ अडचणीकडे. ती समजायला रंगखाते सोडून शीतकपाटाकडे जावे लागेल.

१९२०च्या दशकात शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू वापरत. गळती झाली की जिवावर बेतायचे. १९२८मध्ये थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हा पर्याय शोधला. १९३०मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलींनी तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली: विषारी नाही, पेटत नाही. जोसेफ जुरान हे गुणवत्तेचे मोठे जाणकार. त्यांची व्याख्या प्रसिद्ध आहे: गुणवत्ता म्हणजे वापरायला योग्य असणे. या व्याख्येने सीएफसीला पैकीच्या पैकी गुण मिळतात. स्थिर, सुरक्षित, टिकाऊ.

टिकाऊपणाच नडला. हा वायू वर्षानुवर्षे न विघटता वर चढत राहिला. १९७४मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवले की तो ओझोनचा थर खाऊ शकतो. १९८५मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनचे खिंडार जाहीर केले. १९८७मध्ये अशा वायूंना आवर घालणारा मॉन्ट्रियलचा करार झाला.

१९२८ ते १९८५ म्हणजे ५७ वर्षे. या सगळ्या काळात एकाही ग्राहकाने ‘ओझोन विरळ झाला’ म्हणून शीतकपाट परत केले नाही. करणार कसा? गुणवत्तेची सगळी यंत्रणा परत येणाऱ्या मालावर चालते. तक्रार येते, ऑडिटर एनसी, म्हणजे नियम न पाळल्याची नोंद, काढतो, कारण शोधले जाते, सुधारणा होते. इथे नुकसान झालेला माणूस ग्राहक नव्हता, काहींचा तर जन्मही झालेला नव्हता. आणि हवेला कस्टमर केअरचा नंबर नसतो.

हत्यारांतही ही उणीव दिसते. एफएमईए नावाचा एक तक्ता सगळीकडे वापरतात: काय काय बिघडू शकते त्याची यादी करून प्रत्येकाला तीन गुण द्यायचे. परिणाम किती गंभीर, किती वेळा घडेल, आणि वेळेत लक्षात येणे किती कठीण. मग तिघांचा गुणाकार. पर्यावरणासाठीही तोच तक्ता चालतो. पण सीएफसीसाठी १९३०मध्ये तिसऱ्या रकान्यात काय लिहिले असते? जो धोका कोणाच्या मनातच आला नाही, त्याची ओळच तक्त्यात येत नाही.

एका माणसाने मात्र ही फट आधीच पाहिली होती. जपानी अभियंता गेनिची तागुची यांनी गुणवत्तेची व्याख्या उलटी मांडली: माल कारखान्याबाहेर पडल्यानंतर त्यामुळे समाजाचे जे नुकसान होते, त्यावरून गुणवत्ता मोजा. त्यांनी ‘ग्राहकाचे’ असे न म्हणता ‘समाजाचे’ म्हटले. कारखान्यांनी त्यांचे गणित उचलले, प्रयोग आखायच्या त्यांच्या पद्धती उचलल्या. व्याख्येतला हा एक शब्द मात्र बहुतेकांनी वाचून पुढे पान उलटले.

म्हणून गुणवत्तेचे मॉडेल पर्यावरणाला लावायचे तर शब्द बदलून भागत नाही. गैरहजर ग्राहकाच्या वतीने बोलणारे कोणीतरी मुद्दाम बसवावे लागते. कधी ते काम कायदा करतो, कधी मोठा खरेदीदार, कधी कर. काहीच नसेल तर चक्र फिरत राहते, पण मालकाला परवडते तेवढ्यावरच थांबते.

“वाया जाणे थांबवले की आपोआप हिरवे झालो, नाही का?”

टोयोटाच्या तायची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, थांबून राहणे, नेआण, नको ती प्रक्रिया, साठा, नको ती हालचाल, दोष. यावरच लीन नावाची पद्धत उभी आहे. यादी पुन्हा वाचा. धूर नाही, सांडपाणी नाही, वीजही नाही.

बऱ्याचदा फायदा दोन्हीकडे होतो हे खरे. पण रंगखात्यात परत या. लीन सांगते, बॅच लहान ठेवा. लागेल तेवढेच बनवा. बॅच लहान म्हणजे रंग वारंवार बदलणे. प्रत्येक बदलाला गन आणि नळ्या सॉल्व्हंटने धुवाव्या लागतात. साठा घटला, सॉल्व्हंट वाढला. माल लागेल तसा थोडा थोडा मागवला तर गोदाम लहान होते आणि ट्रकच्या फेऱ्या वाढतात. सॉल्व्हंटऐवजी पाण्यावर आधारित रंग घेतला तर वाफ घटते, पण पाणी सुकवायला भट्टीला जास्त ऊर्जा लागू शकते.

यातले बरोबर कोणते याचे आयते उत्तर नाही, ज्याचे त्याने मोजून काढायचे. सगळे एकाच वेळी सुधारल्याचे कोणी सांगत असेल, तर त्याने काय मोजले नाही ते आधी विचारावे.

“आमच्या कारखान्यात तर एक थेंब सांडत नाही”

असेलही. पण कारखान्याचे फाटक ही निसर्गाची सीमा नाही. कार्बनच्या हिशेबात म्हणूनच तीन कक्षा धरतात: स्वतः जाळलेले इंधन, विकत घेतलेली वीज, आणि उरलेले सगळे, म्हणजे पुरवठादारांपासून ते वस्तू वापरून फेकून देईपर्यंत. पेट्रोलच्या गाडीचा बहुतेक कार्बन ती चालवताना निघतो, बनवताना नाही. कारखाना कितीही चकाचक असो, मोठा आकडा इंजिनच्या डिझाइनमध्ये ठरून गेलेला असतो. डिझाइनच्या टेबलावरच दोष रोखा, हा गुणवत्तेचा जुना धडा इथे सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

“दर नगामागे दहा टक्के घट!”

हे वाक्य वार्षिक अहवालांत सारखे भेटते. समजा, ते खरे आहे, आणि त्याच वर्षी उत्पादन तीस टक्क्यांनी वाढले. मग एकूण उत्सर्जन घटले नाही, सतरा टक्क्यांनी वाढले. क्वालिटीवाल्याला प्रमाणांत बोलायची सवय असते: दहा लाखांत किती दोष, शंभरात किती रिजेक्शन. त्याच्या कामाला ते पुरते. हवेला प्रमाण कळत नाही, तिच्यात पडतो तो एकूण बोजा.

शिवाय काटकसरीचीही उलटी गंमत आहे. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी १८६५मध्येच लक्षात आणून दिले की वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा खप घटला नाही, वाढला; स्वस्त पडू लागल्याने ती जास्त ठिकाणी बसली. प्रत्येक सुधारणेचे असेच होते असे नाही. पण दर नगाची बचत आणि एकूण बचत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुणवत्तेत मर्यादा ग्राहक ठरवतो: दहा मिलिमीटर, कमी-जास्त अमुक इतकेच. इथे ती कोण देणार? २०१५मध्ये सुरू झालेल्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या उपक्रमाने याचे एक उत्तर दिले: तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर जगाकडे किती कार्बन शिल्लक आहे त्यावरून कंपनीचे उद्दिष्ट काढा. त्यांच्या एका प्रचलित पद्धतीनुसार थेट इंधन आणि विजेचे एकूण उत्सर्जन आधारवर्षाच्या, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करायची त्या वर्षाच्या, किमान ४.२ टक्के दरवर्षी उतरले पाहिजे, धंदा वाढो की घटो. इथे ‘गेल्या वर्षीपेक्षा बरे’ पुरत नाही, ‘पुरेसे आहे का’ हे बघावे लागते. सतत सुधारणेवर वाढलेल्या गुणवत्तेच्या जगाला हा प्रश्न खरोखर नवा आहे.

ऑडिटरला काय सांगायचे?

फेब्रुवारी २०२४च्या त्या वाक्यावर परत येऊ. त्यात ‘ठरवले पाहिजे’ असे आहे, ‘महत्त्वाचा मानलाच पाहिजे’ असे नाही. विचार करून, कारण सांगून ‘आम्हाला लागू नाही’ म्हणायला मुभा आहे. एका ओळीत ‘लागू’ लिहून पुढे काहीच न करणे हे त्याहून वाईट उत्तर.

आपल्या रंगखात्याच्या मालकाने समजा खरेच विचार केला. भट्टीचे इंधन त्याच्या डोळ्यांसमोर आहेच. खरेदीदार दर भागामागे कार्बनचा आकडा मागू लागला आहे. आणि रिजेक्शनचे रजिस्टर चाळताना त्याला दिसेल की दमट दिवसांत रंग सुकताना पांढुरका पडतो, चमक जाते, भाग परत रंगवावे लागतात. हवेतली आर्द्रता वाढत गेली तर हा दोषही वाढणार. पावसाचा प्रश्न अखेर खिळा तपासणाऱ्याच्या टेबलावर आलाच, तोही रिजेक्शनच्या रूपाने.

त्याला नवा विभाग उघडायची गरज नाही. रंगखात्यात एक आर्द्रतामापक लावावा, आणि रिजेक्शनच्या शेजारी त्याचा रोजचा आकडा लिहावा. त्याच पानावर दर भागामागे किती सॉल्व्हंट लागला तेही लिहावे. शेवटी आणखी एक रकाना आखावा, महिन्याच्या एकूण सॉल्व्हंटचा. तो मागायला कोणी ग्राहक येणार नाही.